विष नसेला चिकटल्यावर अँटिबॉडी नक्की करते काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे, की विंचवाचं विष काही मिनिटांत नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, काम करायला लागतं, मग तासाभराने किंवा त्याहून उशिरा शिरेतून दिलेली अँटिबॉडी, म्हणजे विषाला पकडणारं प्रथिन, तिथे जाऊन काय करते, चिकटलेलं विष ती ओढून काढते का, आणि काही डॉक्टर अँटीव्हेनम (घोड्यापासून मिळवलेल्या अशा अँटिबॉडींचं औषध) लगेच द्या म्हणतात, तर काही म्हणतात त्याने फार फरक पडत नाही, हे कसं काय. मी बरीच वर्षं इमर्जन्सीत विंचूदंशाचे पेशंट बघतोय आणि हा प्रश्न नातेवाईकच नाही तर नवीन आलेले डॉक्टरही विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. अँटिबॉडी नसेवर काहीच करत नाही. ती रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात जे मोकळं विष फिरतंय ते पकडते, आणि मोकळं विष संपलं की नसेला चिकटलेलं विष आपोआप सुटायला लागतं. हे "आपोआप सुटणं" नीट समजलं की बाकी सगळं समजतं, अँटीव्हेनम कधी चालतं, कधी नाही, डोस मुलांना कमी का करत नाहीत, सगळंच. पण त्यासाठी विष तिथे काय करतं ते आधी बघावं लागेल.

मज्जातंतूच्या पेशीवर सोडियम चॅनेल नावाची प्रथिनं असतात. नस शांत असताना आतलं व्होल्टेज बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतं. संदेश आला की हे चॅनेल उघडतं, सोडियम आत घुसतो, आणि मग एक-दोन मिलिसेकंदांत ते चॅनेल स्वतःहून बंद होतं. हे बंद होणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळेच संदेश एकदा जातो आणि थांबतो. चॅनेलचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात व्होल्टेज ओळखणारा एक तुकडा असतो, व्होल्टेज बदललं की तो सरकतो. चौथ्या भागातला तुकडा सरकला की चॅनेल बंद व्हायची क्रिया सुरू होते. विंचवाच्या विषातलं अल्फा टॉक्सिन नावाचं प्रथिन नेमकं त्याच तुकड्याला बाहेरच्या बाजूने धरून ठेवतं, सरकूच देत नाही, म्हणजे स्वतःहून लागणाऱ्या दारात कुणी पाय अडकवून ठेवावा तसं. सोडियम आत येतच राहतो, संदेश लांबतो, आणि जिथे एक संदेश जायला हवा तिथे एकामागून एक जायला लागतात. २०१९ साली उत्तर आफ्रिकेतल्या अँड्रोक्टोनस विंचवाचं अल्फा टॉक्सिन चॅनेलच्या तुकड्याला चिकटलेल्या अवस्थेत क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (रेणू गोठवून इलेक्ट्रॉनने त्यांचं चित्र काढण्याच्या पद्धतीने) प्रत्यक्ष बघितलं गेलं, त्यामुळे हे आता नुसतं अनुमान राहिलेलं नाही.

दुसरा प्रकार बीटा टॉक्सिनचा. हे चॅनेलच्या दुसऱ्या भागातल्या तुकड्याला धरतं, पण उलट्या बाजूने, म्हणजे "उघडलेल्या" स्थितीत अडकवून ठेवतं. त्यामुळे चॅनेल फारशी चालना न मिळताच उघडतं, काहीही कारण नसताना नस फायर करायला, म्हणजे संदेश सोडायला, लागते. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या सेंट्रुरॉइडिस जातीच्या विंचवात बीटा टॉक्सिनचा भाग मोठा असतो, आणि म्हणूनच तिथल्या मुलांमध्ये डोळे गरागरा फिरणं, जिभेला थरथर, हातपाय झटकणं अशी चित्रं दिसतात. आशिया आणि आफ्रिकेतल्या विंचवांमध्ये अल्फा प्रकार जास्त, आणि तिथे हृदय आणि फुफ्फुसांचा त्रास पुढे येतो. ही विभागणी काटेकोर नाही, पण पेशंट समोर असताना कामाची आहे.

याशिवाय पोटॅशियम चॅनेल बंद करणारी छोटी टॉक्सिन्स असतात, ३०-४० अमिनो आम्लांची. पोटॅशियम बाहेर गेला की नस पुन्हा शांत होते, आणि ती वाटच ही टॉक्सिन्स अडवतात. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषातून निघालेलं आयबेरिओटॉक्सिन याच प्रकारचं आहे, ३७ अमिनो आम्लांचं, आणि ते एका विशिष्ट पोटॅशियम चॅनेलला इतकं नेमकं पकडतं की जगभरच्या प्रयोगशाळा त्या चॅनेलचा अभ्यास करायला ते वापरतात. पण माणसाला जीवघेणं ठरतं ते मुख्यतः सोडियम चॅनेलवरचं टॉक्सिन.

आता हे सगळं एका नसेत होत नाही, शरीरभर होतं, आणि सगळ्यात जास्त गडबड होते ऑटोनॉमिक नसांत, म्हणजे ज्या घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळतात त्या नसांत. या नसांच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही संदेश पोचवणारी रसायनं बदाबदा बाहेर पडतात, ॲड्रिनल ग्रंथीतून ॲड्रेनलिन येतं. पेशंटला दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, बीपी आधी चढलेलं, ठोका जलद, पुरुषांमध्ये आणि लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठर, आणि पुढे गेलं तर फुफ्फुसात पाणी, खोकल्यातून फेस, आणि मग बीपी खाली. यातला महत्त्वाचा मुद्दा असा की हे नंतरचं जे घडतं ते विष स्वतः करत नाही, विषाने सोडायला लावलेली ॲड्रेनलिनसारखी रसायनं करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि एक चांगली गोष्ट, जी नातेवाईकांना मी आवर्जून सांगतो. विंचवाचं टॉक्सिन नसेला जखम करत नाही. मण्यारीच्या विषातला एक घटक मज्जातंतूच्या टोकाचीच नासधूस करतो आणि मग ते टोक पुन्हा घडायला दिवस-आठवडे लागतात, तिथे उशिरा दिलेलं अँटीव्हेनम केलेलं नुकसान मागे फिरवू शकत नाही. विंचवाचं टॉक्सिन नुसतं चॅनेल धरून बसतं. ते सुटलं की चॅनेल जसं होतं तसं. त्यामुळे पेशंट वाचला तर नसांचा बहुतेक कायमचा दोष राहत नाही.

आता अँटिबॉडीकडे येऊ. विंचवाचं सोडियम चॅनेलवरचं टॉक्सिन म्हणजे ६० ते ७६ अमिनो आम्लांची एक घट्ट गुंडाळी, चार डायसल्फाइड बंधांनी शिवलेली, वजन साधारण ७,००० डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). पूर्ण अँटिबॉडी दीड लाख डाल्टनची. अँटीव्हेनममध्ये बहुतेक वेळा पूर्ण अँटिबॉडी न देता पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने तिचं शेपूट कापून उरलेला दोन हातांचा भाग देतात, त्याला एफएबी-टू म्हणतात, तो साधारण एक लाख डाल्टनचा. शेपूट काढल्याने ॲलर्जीसारख्या रिॲक्शन कमी होतात आणि पकडायचे दोन्ही हात शाबूत राहतात. म्हणजे इवल्याशा टॉक्सिनला त्याच्या पंधरापट मोठा रेणू येऊन मिठी मारतो. अशा टॉक्सिन-अँटिबॉडी जोड्यांचे स्फटिक करून एक्स-रेने बघितलं तर चांगल्या अँटिबॉडी टॉक्सिनची तीच बाजू झाकताना दिसतात जी चॅनेलला चिकटणार असते. आणि अगदी नेमकी ती बाजू झाकली गेली नाही तरी एवढं मोठं लोढणं अंगाला लागल्यावर टॉक्सिन चॅनेलच्या खाचेत शिरू शकत नाही, काम तेच होतं.

पण हे झालं मोकळ्या टॉक्सिनचं. चिकटलेल्याचं काय? इथेच मूळ प्रश्न आहे. टॉक्सिन चॅनेलला कायमचं जोडलं जात नाही, तिथे कुठलाही रासायनिक पक्का बंध होत नाही. ते चिकटतं, सुटतं, परत चिकटतं. अल्फा टॉक्सिनच्या बाबतीत तर नसेचं व्होल्टेज वर गेलं की त्याची पकड सैल होते, हे प्रयोगशाळेत फार पूर्वीच दिसलंय. आजूबाजूला भरपूर मोकळं विष असेल तर एक सुटलं की दुसरं बसतं, चॅनेल कायम धरलेलंच राहतं. पण रक्तात अँटिबॉडी आली, आणि तिची पकड चॅनेलपेक्षा घट्ट असेल, तर सुटलेलं प्रत्येक टॉक्सिन ती उचलते आणि परत जाऊ देत नाही. रक्तातलं मोकळं विष शून्याकडे गेलं की पेशींभोवतीच्या द्रवातलं विष रक्ताकडे सरकतं, तिथेही पकडलं जातं, मग चॅनेलवरचं सुटतं, अशी साखळी उलटी फिरते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसतं, शिरेतून अँटीव्हेनम दिल्यावर मोकळं विष झपकन खाली येतं आणि त्याच वेळी अँटिबॉडीला बांधलेलं विष रक्तात साठत जातं, म्हणजे टिशूमधलं विष बाहेर ओढलं जातंय.

या ओढाताणीत अँटिबॉडीने नसेपर्यंत पोचायची गरजही नाही. उलट तिचं रक्तात जास्त वेळ राहणंच उपयोगाचं आहे. टॉक्सिन लहान असल्यामुळे पटकन पसरतं आणि किडनीतून गाळलं जातं, पण अँटिबॉडीशी बांधलेलं टॉक्सिन एवढं मोठं असतं की किडनी ते गाळत नाही, ते हळूहळू शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी उचलतात. तोवर ते निरुपद्रवी अवस्थेत रक्तातच राहतं.

याच कारणाने इंजेक्शन कुठे देता तेही महत्त्वाचं. स्नायूत दिलेला एक लाख डाल्टनचा रेणू रक्तात यायला तासन् तास लागतात आणि विष तर पहिल्या तासाभरातच सगळीकडे पोचलेलं असतं, म्हणून शिरेतूनच द्यायचं. दंशाच्या जागी टोचूनही उपयोग नाही. आणि दंशाच्या जागची आग अँटीव्हेनमने लगेच जाईल ही अपेक्षाही ठेवू नका, तिथे विष अतिशय दाट असतं, ती वेदना लोकल भूल देऊनच आटोक्यात येते.

डोसचा हिशोब करून बघा म्हणजे अंदाज येईल. समजा शरीरात १ मिलिग्रॅम शुद्ध टॉक्सिन गेलंय. ७,००० डाल्टनच्या १ मिलिग्रॅमला बांधायला, एका एफएबी-टूला दोन हात धरले आणि दोन्ही हात भरले असं मानलं, तरी साधारण ७ मिलिग्रॅम अँटिबॉडी लागते, आणि तीही सगळीच्या सगळी त्या टॉक्सिनविरुद्धची. प्रत्यक्षात बाटलीतल्या प्रथिनांपैकी काही भागच नेमक्या टॉक्सिनविरुद्ध असतो, घोड्याच्या बाकीच्या अँटिबॉडीही त्यात असतातच, म्हणून प्रत्यक्ष मात्रा बरीच जास्त. आणि हा सगळा हिशोब विषाच्या वजनाशी जुळवायचा, पेशंटच्या वजनाशी नाही. विंचू समोर दहा किलोचं मूल आहे की सत्तर किलोचा माणूस बघून कमी-जास्त विष सोडत नाही, मुलाच्या छोट्या शरीरात तेवढंच विष जास्त दाट होतं, म्हणून मुलांना अँटीव्हेनमचा डोस वजनाने कमी करायचा नसतो. हे मी दर वेळी नवीन रेसिडेंटना सांगतो कारण मुलांच्या बाकी सगळ्या औषधांची सवय हाताला वजनाने भागण्याची असते.

आता मतभेदांचा भाग. १९९९ साली ट्युनिशियातून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी ट्रायल आली, ८२५ पेशंट, विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट अँटीव्हेनम किंवा प्लासिबो (औषध नसलेलं नकली इंजेक्शन), आणि निष्कर्ष असा की सरसकट देण्याने फायदा दिसत नाही. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ॲरिझोनाची ट्रायल आली, फक्त १५ मुलं, पण सगळी नसांच्या गंभीर लक्षणांची, आयसीयूतली. अँटीव्हेनम मिळालेली ८ च्या ८ मुलं ४ तासांत पूर्ण मोकळी झाली, प्लासिबोच्या ७ पैकी फक्त १. आणि रक्तात मोकळं विष तासाभरात सापडेनासं झालं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ट्युनिशियाच्या गटात बहुसंख्य लोकांना सौम्य त्रास होता, त्यांच्यात पकडायला फारसं विषच नव्हतं, तर अँटिबॉडी फरक काय दाखवणार. ॲरिझोनात लक्षणं थेट नसेवर बसलेल्या टॉक्सिनची होती, टॉक्सिन सुटलं की लक्षण गेलं.

लाल विंचवाचं गणित या दोन्हींपेक्षा वेगळं, आणि इथे मघाचा मुद्दा येतो. ॲड्रेनलिन एकदा बाहेर पडलं की अँटिबॉडी त्याला हात लावू शकत नाही, ती ओळखते फक्त विषाला. आकसलेल्या रक्तवाहिन्या, थकलेलं हृदय, फुफ्फुसातलं पाणी, हे तिच्या कक्षेबाहेरचं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये लाल विंचवाच्या दंशानंतर हृदय बिघडण्याआधीची लक्षणं मांडली आणि पुढे प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे ॲड्रेनलिनचा संदेश घेणाऱ्या जागा, अडवतं, म्हणजे ॲड्रेनलिन असलं तरी त्याचा हुकूम चालत नाही. साधी गोळी, आणि तिने किती जीव वाचवले ते या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

मग अँटीव्हेनमची गरज उरते का? त्याचं उत्तरही बावस्करांनीच दिलं, २०११ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात. ७० पेशंट, सगळ्यांना प्राझोसिन, त्यातल्या ३५ जणांना जोडीला अँटीव्हेनम. १० तासांत पूर्ण बरे झालेले अँटीव्हेनमच्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास. पण तब्येत आणखी वरच्या पायरीला बिघडलेले पेशंट दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, ४ आणि ५. मला हे आकडे फार बोलके वाटतात. अँटिबॉडीने वादळाचा उगम बंद केला म्हणून लोक लवकर बरे झाले, पण जे आधीच उठलं होतं ते तिने शमवलं नाही, ते काम प्राझोसिनचं. एक दुसऱ्याची जागा घेत नाही, आणि "अँटीव्हेनम की प्राझोसिन" असा वाद मला त्यामुळे निरर्थक वाटतो.

अँटिबॉडी नेमकी असते याचा दुसरा अर्थ ती चुकीच्या विषावर चालत नाही. सापासाठीचं पॉलिव्हॅलंट एएसव्ही, म्हणजे अनेक सापांच्या विषांवरचं अँटीव्हेनम, विंचू चावल्यावर देऊ नये, त्यात विंचवाच्या टॉक्सिनविरुद्ध काही नसतं आणि रिॲक्शनचा धोका मात्र पूर्ण असतो. जवळच्या नात्यातल्या विंचवांमध्ये थोडं चालतं, ॲरिझोनात वापरतात ते अँटीव्हेनम घोड्यांना मेक्सिकोतल्या सेंट्रुरॉइडिस विंचवांचं विष टोचून बनवलेलं आहे आणि तरी ॲरिझोनातल्या त्यांच्या भावकीतल्या विंचवावर ते उत्तम चालतं, कारण टॉक्सिनचे पृष्ठभाग मिळतेजुळते आहेत. पण ते लाल विंचवावर चालेल असा भरवसा धरू नका. रिॲक्शनचं म्हणाल तर घोड्याचं प्रथिन आहे, अंगावर गांधी उठणं ते ॲनाफिलॅक्सिस काहीही होऊ शकतं, म्हणून ॲड्रेनलिनची सिरिंज भरून शेजारी ठेवूनच सुरू करायचं आणि जिथे ते सांभाळता येईल अशाच ठिकाणी द्यायचं.

पुढचं काय म्हणाल तर घोड्याशिवाय अँटिबॉडी बनवण्याचं काम बरंच पुढे गेलंय. मेक्सिकोत माणसाच्या अँटिबॉडीचे छोटे तुकडे निवडून ते सेंट्रुरॉइडिसच्या टॉक्सिनवर चालवलेत, आणि ट्युनिशियात उंटाच्या अँटिबॉडीपासून मिळणाऱ्या नॅनोबॉडी, फक्त १५ हजार डाल्टनच्या, दोन वेगवेगळ्या टॉक्सिनविरुद्धच्या एकत्र जोडून उंदरांना वाचवलंय. या छोट्या असल्यामुळे टॉक्सिनच्या मागोमाग टिशूत लवकर शिरतात, हा मोठा फायदा. पण त्याच छोटेपणामुळे किडनी त्यांना पटकन बाहेर टाकते, आणि दंशाच्या जागेतून विष हळूहळू येतच राहिलं तर नंतर पकडायला कुणी उरत नाही. वेग आणि टिकाव यांचा मेळ बसवणं हे खरं अवघड काम आहे.

राहिला उशिरा आलेल्या पेशंटचा प्रश्न, सहा-आठ तासांनी पोचला तर अँटीव्हेनम द्यायचं का. मी घड्याळापेक्षा पेशंटकडे बघतो. अजून घाम चालू आहे, हातपाय गार आहेत, लाळ गळतेय, म्हणजे नसा अजून फायर करतायत, म्हणजे टॉक्सिन अजून चॅनेलवर बसलंय आणि अँटिबॉडीला पकडायला काहीतरी आहे, अशा पेशंटला प्राझोसिनच्या जोडीने मी देतो. घाम थांबलाय, हातपाय गरम झालेत आणि उरलंय ते फक्त थकलेलं हृदय किंवा फुफ्फुसातलं पाणी, तर तिथे ऑक्सिजन, हृदयाला आधार देणारी औषधं, गरज पडली तर व्हेंटिलेटर, यावर सगळं लक्ष द्यायचं. आणि ज्याला फक्त चावल्या जागी आग होतेय, बाकी काही नाही, त्याला अँटीव्हेनम न देता वेदनेचा इलाज करून काही तास नजरेखाली ठेवायचं, विशेषतः मूल असेल तर, कारण सुरुवातीला नुसतं रडणारं मूल तासाभरात घामाने निथळायला लागू शकतं.